साझ्यातली दुसरी खुर्ची

29 ऑगस्ट 2024, गुरुवार. झरी, जि. यवतमाळ

कालपासून फोन थांबत नाही. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या आडगाव रंजे इथे एकजण तलाठी कार्यालयात शिरला, तलाठ्याच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकली आणि चाकूने भोसकलं. तलाठी गेले. दिवसाढवळ्या, सरकारी कार्यालयात. जमिनीच्या कामाचा राग होता म्हणतात. खरंखोटं तपासात कळेल.

हिंगोली झरीपासून लांब आहे, पण पैनगंगा दोन्हीकडे तीच. संध्याकाळी तालुक्यातले आम्ही सगळे तलाठी तहसीलपुढे जमलो. दोन मिनिटं उभे राहिलो, निवेदन दिलं, काळ्या फिती लावल्या. खरं बोलणं नंतर चहाच्या टपरीवर झालं. आमच्यातला एकजण, वयाने लहान, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणाला, "आता रिव्हॉल्व्हरचं लायसन काढतो. रेतीवाले घेऊन फिरतात, आपणच काहून हात हलवत जायचं?" कुणी हसलं नाही. एकाने लगेच विचारलं, "अर्ज कुठी करा लागते?"

30 ऑगस्ट, शुक्रवार

आज साझ्यात, म्हणजे माझ्या तलाठी कार्यालयात, बसल्यावर खोलीकडे पहिल्यांदा धोक्याच्या नजरेने पाहिलं. भाड्याची खोली, दार एक, खिडकी एक आणि तिलाही गज. टेबल भिंतीला लावलेलं, मी टेबल आणि भिंतीच्या मध्ये. येणारा माणूस दार आणि माझ्यामध्ये. बाहेर पडायचं तर आधी त्यालाच ओलांडावं लागणार. ही मांडणी कुणी ठरवली? कुणीच नाही. आधीच्या तलाठ्यांनी टेबल जिथे ठेवलं तिथेच ते राहिलं.

कोतवाल काकांना सोबत घेऊन टेबल फिरवलं. आता माझी खुर्ची दाराजवळ आणि येणाऱ्यांचा बाक आतल्या बाजूला. काकांना हे पटलं नाही. "साहेबाची खुर्ची आतच असते बाई. दारात तं चपराशी बसते." मी म्हटलं, काका, काही दिवस चपराशी होऊन पाहते.

31 ऑगस्ट, शनिवार

झोप येईना म्हणून आठवतील तेवढ्या घटना मांडून पाहिल्या. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडीत अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. भेसळीचा प्रकार ते मोबाइलवर टिपत होते. तेव्हा मी शिकत होते. वडील पेपर घडी करून म्हणाले होते, एवढा मोठा साहेब जळतो तिथे लहानांचं काय! ते वाक्य विसरून मी याच खात्यात आले.

जानेवारी 2021 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, उमरखेडला, रेतीची वाहतूक अडवणाऱ्या नायब तहसीलदारांवर चाकूहल्ला झाला. जानेवारी 2023 मध्ये यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात रुग्णानेच निवासी डॉक्टरांवर चाकू चालवला. आणि याच महिन्यात कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, आणि तिथले डॉक्टर अजून रस्त्यावर आहेत.

या सगळ्यांत हल्ल्याच्या जागा वेगळ्या आहेत, रागही वेगळे. सोनवणे यांच्या आणि उमरखेडच्या घटनांत धंदा अडवला जात होता. समोरचे टोळीने होते आणि त्यांचं पैशांचं गणित बिघडत होतं. साझ्यात किंवा वॉर्डात येणारा बहुतेक वेळा एकटा असतो, आणि त्याचं काम महिनोन्महिने कुठेतरी अडलेलं असतं. दोघांना एकच औषध चालणार नाही. आमच्या निवेदनात मात्र एकच ओळ आहे: 'कर्मचाऱ्यांना संरक्षण द्यावे.'

2 सप्टेंबर, सोमवार. पोळा

कालपासून पाऊस थांबत नाही. बैलांना झुली चढवल्या आणि त्या भिजल्या. तोरणाखाली झडत्या म्हणणारे छत्री धरून उभे. नाल्यांना पूर आणि वावरात पाणी. म्हणजे उद्यापासून पंचनामे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, तलाठ्याला भीती रेतीघाटावर. रात्रीच्या भरारी पथकात ती असतेच. मे महिन्यात रात्री दीड वाजता आम्ही नदीकडे गेलो होतो. दोन तलाठी, एक मंडळ अधिकारी, एक खाजगी गाडी. ट्रॅक्टरवाल्याने दिवे न लावता ट्रॉली अंगावर घातली आणि आम्ही रस्त्याकडेच्या चारीत उड्या मारल्या. पोलीस पोचेपर्यंत रेतीही नव्हती आणि ट्रॅक्टरही नव्हता.

पण मला जास्त धास्ती पंचनाम्याच्या यादीची वाटते. नुकसान 33 टक्क्यांच्या वर असेल तर मदत, खाली असेल तर काही नाही. बांधाच्या अलीकडचा बसतो, पलीकडचा बसत नाही. दोघांचीही कपाशी पिवळी पडलेली. ही रेघ मी आखलेली नाही, पण वावरात उभी असते मी.

5 सप्टेंबर, गुरुवार

पंचनामे चालू. पाय चिखलाने सोलले. रात्री कायदा वाचला. लायसनचा विषय रोज निघतोय, तर निदान माहीत तरी असावं.

1 जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्यात कलम 34 ते 44 मध्ये आहे, जुन्या दंडसंहितेत 96 ते 106 मध्ये होता. मरण किंवा जबर दुखापत येते अशी रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण कलम 37 लगेच लगाम घालतं. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या दर्शन सिंग खटल्यात सांगितलं आहे की अचानक हल्ला झालेल्याने पळच काढला पाहिजे असं कायदा म्हणत नाही, आणि त्या क्षणी त्याने वार सोन्याच्या तराजूत तोलावेत अशी अपेक्षाही नाही. वाचून बरं वाटलं. मग लक्षात आलं, हे सगळं तो आरोपी म्हणून उभा राहिल्यावर सांगितलेलं आहे.

आणि आमच्यावर हात टाकणाऱ्याचं काय? जुन्या कलम 353 ची शिक्षा आपल्या राज्याने वाढवून पाच वर्षं केली होती. संहितेचं कलम 132 पुन्हा दोन वर्षांवर आलं आहे. दुखापत झाली तर कलम 121 लागतं, ते कडक आहे. म्हणजे आधी मार खावा लागतो.

डॉक्टरांसाठी राज्यात 2010 चा वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. पत्रकारांसाठीही आहे. आमच्यासाठी नाही. आपलाही वेगळा कायदा हवा, असं सहकारी म्हणतात. मला त्यात फार दम वाटत नाही. यवतमाळच्या डॉक्टरांवर चाकू चालला तेव्हा तो कायदा बारा वर्षांचा झाला होता.

8 सप्टेंबर, रविवार

लायसनचा हिशेब. शस्त्र कायदा 1959 चा, नियम 2016 चे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, चौकशी पोलिसांची, त्यांना अहवालासाठी 30 दिवस. शस्त्र चालवण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. हुद्द्यामुळे किंवा कामाच्या स्वरूपामुळे जिवाला धोका असलेल्या सरकारी नोकराचा नियमांत स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणजे दार बंद नाही. लायसन पाच वर्षांचं.

आता शस्त्र. कानपूरच्या आयुध कारखान्याने जानेवारी 2014 मध्ये खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .32 चं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत तेव्हा 1,22,360 रुपये. दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर वर्षभराने आलेली ही वस्तू, नावही त्यावरूनच. तलाठ्याचं मूळ वेतन 25,500 पासून सुरू होतं. पाच महिने जेवले नाही तर माझं रक्षण होईल.

घेतलंच समजा. ठेवायचं कुठे? काकांना सहज विचारलं. कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याले कुलूप लागत नाही बाई. मागच्या साली उंदरानं फेरफार खाल्ले, आता बंदूक खाईन." निवडणूक जवळ आहे. आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांकडची बरीच शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतात, आणि त्याच दिवसांत आमची गावोगाव फिरती सर्वांत जास्त. सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई आदेश निघतो, शस्त्र, काठी, दगड बाळगू नये. तो आदेश साझ्याच्या फळ्यावर मीच डकवते.

मिरीचा फवारा मात्र पर्समध्ये आहे. त्याला लायसन लागत नाही. मिरचीपूड बायकांचं शस्त्र, असं आपण लहानपणापासून ऐकतो. नागपूरच्या न्यायालयात 13 ऑगस्ट 2004 ला अक्कू यादववर कस्तुरबानगरच्या बाया तुटून पडल्या तेव्हा त्यांच्याकडेही तीच होती. आडगावात ती मारेकऱ्याच्या मुठीत होती. जो ठरवून येतो त्याची मूठ आधी उघडते. माझा फवारा पर्सच्या तळाशी, चाव्यांच्या खाली.

11 सप्टेंबर, बुधवार. महालक्ष्म्या

घरी पूजन, सोळा भाज्या, आंबील. जेवणं आटोपल्यावर डॅलसच्या मामेभावाचा व्हिडिओ फोन. आईने आडगावचं सांगितलं तर तो म्हणाला, ताई, आमच्याकडे टेक्सासात 2011 पासून कायदा आहे, नोकराने कंपनीच्या पार्किंगमध्ये आपल्या कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवली तर मालक अडवू शकत नाही. सुरुवात ओक्लाहोमाची. तिथल्या एका कागद कारखान्यात 2002 मध्ये गाडीत बंदुका सापडल्या म्हणून कामगारांना काढलं आणि 2004 मध्ये राज्याने कायदाच केला.

"मग तुमच्याकडे ऑफिसात मारामाऱ्या थांबल्या का रे?" आईने विचारलं. तो हसला. त्याच ओक्लाहोमात एडमंडच्या टपाल कार्यालयात 20 ऑगस्ट 1986 ला एका पोस्टमनने आपल्याच 14 सहकाऱ्यांना मारलं होतं, हे त्यानेच सांगितलं. बाहेरून कुणी आलं नव्हतं.

आपल्याकडेही झालंय. 31 जुलै 2023 ला जयपूर-मुंबई गाडी पालघर जिल्ह्यातून जाताना रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने सरकारी रायफलने आधी आपल्या वरिष्ठाला आणि मग तीन प्रवाशांना मारलं. प्रशिक्षित माणूस, नोंदीतलं हत्यार. साझ्यात, मंडळात, तहसीलमध्ये आमचीही भांडणं होतात. सुट्टीवरून, बदलीवरून, गोपनीय अहवालावरून. टपरीवर लायसनचं बोलणाऱ्या माझ्या सहकाऱ्याचं मंडळ अधिकाऱ्याशी कसं आहे, ते मला माहीत आहे.

14 सप्टेंबर, शनिवार

एक नाव टाळत होते. दीपाली चव्हाण. मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी. मार्च 2021 मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या छळाबद्दल चिठ्ठीत लिहिलं. आसपासच्या खात्यांत पाहिलं तर सरकारी रिव्हॉल्व्हर असलेल्या मोजक्या बायकांपैकी त्या एक. जंगलातल्या तस्करांसाठी दिलेलं ते हत्यार तस्करांवर चाललं नाही. ज्या हिंसेने त्यांना गाठलं ती पगारपत्रकाच्या वरच्या ओळींतून आली होती, आणि तिच्यावर गोळी झाडता येत नाही.

छळाच्या तक्रारीसाठी 2013 चा कायदा आहे, कार्यालयात समिती असते, पण तो लैंगिक छळापुरता. त्या कायद्याची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. त्यात कामाची जागा म्हणजे फक्त कार्यालय नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहनही त्यात येतं. ही व्याख्या साध्या हिंसेला लावली तर वावर, रेतीघाट, मोजणीचा बांध, सगळी माझी कामाची जागा ठरते, आणि तिथल्या जिवाची जबाबदारी नेमणाऱ्याची. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2019 चा करार क्रमांक 190 नेमकं हेच म्हणतो. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही.

19 सप्टेंबर, गुरुवार

पाटणच्या रस्त्यावर एक वनरक्षक भेटली. ओळखीची आहे. हातात काठी, पाठीला दप्तर, एकटी. आमच्या भागात वाघ आहे. अवनी वाघिणीच्या दिवसांत पांढरकवडा-राळेगावची माणसं दोन वर्षं वावरात जायला भ्यायची. नोव्हेंबर 2018 मध्ये ती मारली गेली, पण वाघ संपले नाहीत. मी विचारलं, बंदूक द्या म्हणून तुम्ही मागता का? म्हणाली, "2012 मध्ये मंत्र्यांनी सांगितलं होतं, शिकाऱ्यावर गोळी झाडली तर वनरक्षकावर गुन्हा नाही. तेव्हा आमचे लोक म्हणाले, झाडायला आधी बंदूक पाहिजे, बंदुकीआधी गस्तीला दुसरा माणूस पाहिजे." ताडोबात नोव्हेंबर 2021 मध्ये तिची एक सहकारी व्याघ्रगणनेच्या वेळी वाघिणीने नेली. बरोबर मजूर होते, हत्यार नव्हतं. असतं तरी त्या घाईत काय झालं असतं, तिला सांगता येईना.

दुसरा माणूस. इतके दिवस मी कलमं चाळत होते, तिने दोन शब्दांत सांगितलं.

25 सप्टेंबर, बुधवार

पंचनाम्याची यादी साझ्याबाहेर लावली. सकाळी अकराला एकजण दारू पिऊन आला. "माझं नाव काहून नाही?" हात टेबलावर आपटला. काका बाकावरून उठले, त्याला नावाने हाक मारली, त्याच्या बापाचंही नाव घेतलं, पाणी दिलं. मी रजिस्टर उघडून त्याच्या गटाची नोंद दाखवली आणि हरकतीचा अर्ज स्वतः लिहून दिला. तो अंगठा देऊन गेला. काका नसते तर? त्यांच्याकडे चार गावांची बोलावणी, टपाल आणि दवंडी असते. आठवड्यातले निम्मे दिवस मी एकटी असते.

टपरीवरच्या सहकाऱ्याने अर्जाचा नमुना आणलाय. मला म्हणाला, ताई, तुमचाही भरून ठेवतो. मी नाही म्हटलं. त्याला भित्री वाटले असेन. वाटू दे. माझं मत आता पक्कं झालंय. ठरवून आलेल्या चाकूपुढे खणातलं रिव्हॉल्व्हर उशिरा निघतं, आणि रेतीघाटावर पाचजणांपुढे ते पहिल्या झटापटीत त्यांचं होतं. ज्याला स्वतःच्या पैशाने लायसन हवं त्याने घ्यावं, कायदा आहे. पण खात्याने 'आम्ही परवानगी दिली' म्हणून हात झटकावेत, हे मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर कुणीच बोलत नाही. मेच्या त्या रात्रीची फिर्याद कुणाच्या नावाने? माझ्या. साक्षीला कोण? मी. उद्या बदली होऊन पुसदला गेले तरी तारखेला इथेच यायचं, त्याच स्टँडवर उतरायचं, त्याच माणसासमोर. बरेचजण याच कारणाने फिर्याद देत नाहीत, आणि रेतीवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं. फिर्याद कार्यालयाची असली पाहिजे, तलाठीबाईची नाही.

2 ऑक्टोबर, बुधवार. ग्रामसभा

गांधी जयंतीची ग्रामसभा. हे गाव अनुसूचित क्षेत्रात. पेसा कायदा 1996 चा, राज्याचे नियम 2014 चे. गौण खनिजाचा पट्टा द्यायचा तर आधी ग्रामसभेची शिफारस हवी, हे गावात किती जणांना माहीत होतं? आज वाचून दाखवलं. रेती गावाची असेल तर रात्री ती अडवायला दोन तलाठी आणि एक खाजगी गाडी का? एक कोलाम म्हातारी मागून म्हणाली, "नदी आमची, अन् मरा लागते तुमाले?"

चर्चा लांबली. एकाने आमच्याच चुका काढल्या: फेरफार महिनोन्महिने पडून राहतात, साझा बंद असतो, फोन उचलत नाहीत. खरं आहे. त्याचंही लिहून घेतलं.

ठराव झाले ते असे. साझ्यात कामाच्या दिवशी तलाठ्याबरोबर दुसरा माणूस असावा, कोतवाल नसेल तर पंचायतीचा. रेती तपासणीला रात्री पोलिसांशिवाय पथक नेऊ नये, आणि गावाने नेमलेले दोघे बरोबर असावेत. हल्ला झाला तर फिर्याद तहसीलच्या नावाने व्हावी. पंचनाम्याची यादी साझ्याच्या दारावर न लावता ग्रामसभेत वाचावी आणि हरकती तिथेच घ्याव्यात. प्रलंबित फेरफारांची यादी दर महिन्याला फळ्यावर लागावी. शेवटचे दोन मी मांडले नव्हते, लोकांनी घातले. माझ्या सुरक्षिततेचा बराच भाग त्यांतच आहे असं मला वाटतं, कारण साझ्यात चिडून येणारा माणूस बहुधा तिथूनच निघतो.

तुमच्या गावच्या साझ्यात, दवाखान्यात, वनरक्षकाच्या नाक्यावर एकच माणूस बसत असेल तर पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. सातबारा न्यायला याल तेव्हा खोलीत दुसरी खुर्ची आहे का तेवढं बघा, आणि नसेल तर तहसीलदारांना लेखी विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.